छोटी इंजिने आणि लोणंदची जुनी वाट

लोणंद हे नाव महाराष्ट्राला मुख्यतः दोन कारणांनी ठाऊक आहे. एक तेथील कांद्याची बाजारपेठ आणि दुसरे आषाढी वारीच्या वाटेवर ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा तेथील मुक्काम. तिसरे कारण रेल्वेचे. पुण्याहून मिरजेकडे निघालेली गाडी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला थांबते. पुढे सालपे, आदर्की असा घाट चढून ती वाठारला पोहोचते. एके काळी महाबळेश्वरला जाणारी बडी मंडळी ह्याच वाठारला उतरून वाईच्या रस्त्याला लागत. ह्या मार्गावर लोणंद कोणत्याही अर्थाने मोठे स्थानक नव्हे. तरीही ज्या विषयावर येथे लिहावयाचे आहे, त्यासाठी एवढे सोयीचे गाव दुसरे सापडणे कठीण. तो विषय म्हणजे जुन्या छोट्या इंजिनांचा संग्रह करणे आणि ती रुळांवर चालविणे.

प्रथम मोठ्या रुळांविषयी थोडेसे. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तिने पुण्याहून दक्षिणेकडे जाणारा हा मार्ग बांधला. तो मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांमधील अंतर बरोबर एक मीटर. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली. पुढे १९५१ मध्ये मार्ग दक्षिण रेल्वेकडे व १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला, आणि आज तो मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे. मालक बदलले की दप्तर हलते, आणि दप्तर हलले की त्यातले काही ना काही वाटेत गळते, हे सरकारी कचेऱ्यांशी संबंध आलेल्या कोणासही सांगावयास नको. १९७१ साली ह्या मार्गाचे रुंदीकरण पूर्ण झाले. मीटरगेजच्या जागी १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज आले, मुंबई-कोल्हापूर महालक्ष्मी एक्सप्रेस धावू लागली आणि पुण्याला गाडी बदलण्याचा प्रवाशांचा जुना त्रास संपला. त्या सोयीचे मोल कमी नाही. परंतु मीटरगेजचे इंजिन ब्रॉडगेजवर चालत नाही, हेही तितकेच खरे. रूळ उखडले गेले तशी ती इंजिने दुसरीकडे रवाना झाली आणि यथावकाश भंगारात निघाली. १९९० चे दशक संपता संपता देशातील वाफेच्या इंजिनांची नित्याची सेवाच थांबली. लोणंदच्या फलाटावर उभे राहून ज्यांनी ती पाहिली, त्या पिढीचे वय आज साठीच्या पुढे आहे.

ती इंजिने पुन्हा पाहावयाची असतील तर मार्ग दोनच. एक म्हणजे वस्तुसंग्रहालय, जेथे ती उभी असतात; आणि दुसरा म्हणजे छोटी प्रतिकृती, जी चालते.

छोट्या इंजिनाचा इतिहास मोठ्या इंजिनापेक्षा जुना आहे, आणि त्याच्या आरंभीच्या पानांवर एका येशूसंघीय धर्मगुरूचे नाव आहे, हे आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. फादर फर्डिनांड व्हर्बिस्ट हे फ्लँडर्समध्ये १६२३ साली जन्मलेले मिशनरी पेकिंगला सम्राट कांगशी यांच्या दरबारी खगोलशास्त्रज्ञ होते. १६७० च्या दशकात त्यांनी सुमारे दोन फूट लांबीची एक लाकडी गाडी तयार केली. तिच्यावर निखाऱ्यांचे भांडे आणि त्यावर पाण्याचे बंद पात्र होते. पात्राच्या निमुळत्या तोंडातून सुटणारी वाफ पात्यांच्या एका चाकावर आदळे, ते चाक फिरे आणि दातेरी चाकांच्या योगाने गाडीचा आस फिरे. दालनात सरळ जावयास जागा पुरत नसल्यामुळे त्यांनी तिला दिशा देणारे एक जादा चाक बसविले आणि गाडी वर्तुळात फिरत ठेवली. आपल्या लॅटिन ग्रंथात त्यांनी हे सर्व नोंदविले असून तो ग्रंथ १६८७ साली प्रसिद्ध झाला. त्याला रूळ नव्हते, म्हणून काटेकोर अभ्यासक त्याला रेल्वे म्हणणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु वाफेच्या बळावर चालणारे खेळण्याएवढे वाहन, तेही स्टीव्हनसनच्या जन्मापूर्वी शतकभर, असे त्याचे वर्णन करावयास हरकत नाही. जागा अपुरी म्हणून गाडी गोल फिरवावी लागणे, ही तर ह्या छंदातील प्रत्येकाची आजतागायतची अडचण आहे.

धर्मगुरूंचे ह्या छंदाशी नाते तेथेच संपत नाही. इंग्लंडमध्ये रेव्ह. विल्बर्ट ऑड्री ह्या अँग्लिकन पाळकांनी गोवराने आजारी पडलेल्या आपल्या मुलासाठी इंजिनांच्या गोष्टी रचल्या, आणि १९४५ पासून निघालेली त्यांची पुस्तके जगभर गेली. ऑड्री स्वतः छोट्या रेल्वेचे हौशी होते आणि आपला देखावा प्रदर्शनांत घेऊन जात. त्यांचेच समकालीन रेव्ह. पीटर डेनी यांनी बकिंगहॅम नावाची एक काल्पनिक शाखा-लाइन अनेक दशके खपून बांधली. छंदातील जाणकार आजही तिचे नाव आदराने घेतात.

व्यापारी अर्थाने छोट्या रेल्वेचा जन्म जर्मनीतील. ग्योपिंगेनच्या मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत चावीची गाडी, तिचे डबे आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा रूळमार्ग असा संच मांडला आणि रुळांची ठराविक मापे बाजारात रूढ केली. नेमक्या त्याच वर्षी, १८९१ मध्ये, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. म्हणजे पंचगंगेकाठच्या माणसाने प्रथम आपल्या गावात इंजिन पाहिले त्याच वर्षी जर्मन मुलाला ते दिवाणखान्याच्या सतरंजीवर मिळाले! त्याआधी इंग्लंडमध्ये पितळेची खरीखुरी वाफेची खेळणी विकली जात. ती पाणी आणि पेटते स्पिरिट सांडत धावत आणि पुष्कळ घरांतील गालिचे जाळीत. पुढे नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने प्रौढांसाठी अचूक मापाच्या प्रतिकृती विकण्यास प्रारंभ केला. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बी यांनी १९२० मध्ये चावीच्या गाड्या आणि त्यांच्या कंपनीने १९३८ मध्ये टेबलावर मावणारी ‘हॉर्न्बी डब्लो’ बाजारात आणली. १९२५ चे त्यांचे पहिले विजेचे इंजिन घरातील दिव्यांच्याच विजेवर, मध्ये एक बल्ब जोडून चालत असे. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. कंपनीही लवकरच कमी दाबाच्या विजेकडे वळली.

आपल्याकडे हे सर्व प्रथम आले ते राजवाड्यात. आणि येथे सातारा जिल्ह्याचा एक अनपेक्षित संबंध लागतो. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळ गाव कण्हेरखेड, हे कोरेगाव तालुक्यातले. लोणंदहून निघालेली रेल्वे ज्या कोरेगावातून पुढे जाते तोच हा तालुका. राणोजी शिंदे ह्या गावचे. त्यांच्या वंशातील महाराज माधवराव शिंदे (१८७६-१९२५) यांना रेल्वेचे अक्षरशः वेड होते. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील मेजवानीच्या टेबलावर त्यांनी रूळ टाकून घेतले आणि त्यावरून विजेवर चालणारी चांदीची गाडी पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन फिरू लागली. ही गाडी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बॅसेट-लोक कंपनीने बनवून दिली. काचेची सुरई वाघिणीतून उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की पुढे निघे; वजनाने वीज जोडणारी साधी युक्ती होती ती. वाघिणींवर शिंदे घराण्याचे नाव एकेका इंग्रजी अक्षराने कोरलेले आहे. आज ती गाडी तेथील संग्रहालयात पाहावयास मिळते.

परंतु माधवरावांची हौस टेबलावर थांबली नाही. दोन फूट रुंदीचे रूळ त्यांनी आपल्या संस्थानात पसरविले. ह्या ग्वाल्हेर लाइट रेल्वेची श्योपूरकडे जाणारी शाखाच सुमारे दोनशे किलोमीटरची होती आणि ती २०२० पर्यंत चालली. राजाचे खेळणे आणि रयतेची गाडी यांच्यातील सीमारेषा ह्या एका माणसाच्या बाबतीत फार पुसट होती. चांदीच्या गाडीची कथा सांगताना आपले लोक त्यातील ऐश्वर्यावरच भर देतात. प्रस्तुत लेखकाला मात्र तिच्यातील ते विजेचे जोड-तोड अधिक मोलाचे वाटते. चांदी कोणासही विकत घेता येते.

सामान्य घरात छोटे इंजिन आले ते जत्रेतील पत्र्याच्या खेळण्याच्या रूपाने. चावी दिली की ते फरशीवर गोल फिरे आणि दुसऱ्या महिन्यात त्याची स्प्रिंग तुटे. परदेशी संच थोड्या सुखवस्तू घरांत आणि बोटीवर किंवा आखातात नोकरी करणाऱ्यांच्या सामानातून येत. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक निर्बंध आले, तेव्हा ते आणखी दुर्मिळ झाले. म्हणून आपल्याकडील हौशी माणसाला पाश्चात्त्य संग्राहकासारखे दुकानातून निवडून आणणे शक्य नव्हते. त्याला बनवावे लागले. तसे पाहता त्यासाठी लागणारा हात आपल्याकडे घरोघर होता. दिवाळीत सातारा-पुण्याकडची मुले मातीचा किल्ला करतात. नाताळात आपल्या घरी आणि चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा उभा राहतो. लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन गवत करणे, आरशाच्या तुकड्याचे तळे करणे, खळ लावलेल्या कागदाला चुण्या पाडून डोंगर उठविणे, ही सर्व विद्या छोट्या रेल्वेलाही हीच लागते. फरक इतकाच की गव्हाणी तीन राजांच्या सणानंतर आवरली जाते. रेल्वेचा देखावा मात्र वर्षानुवर्षे उभा राहतो, आणि तो उभा ठेवण्यासाठी घरातल्या गृहिणीची संमती लागते. (हे शेवटचे वाक्य विनोदाने लिहिलेले नाही.)

ह्या घरगुती विद्येतून महाराष्ट्रात जे सर्वांत मोठे काम उभे राहिले ते पुण्यात. कै. भाऊ जोशी ह्या पुणेकर गृहस्थांनी आयुष्यभराच्या छंदातून, आधी फिरती प्रदर्शने भरवीत आणि नंतर कायमच्या जागेत, छोट्या रेल्वेचे एक संपूर्ण शहर रचले. कोथरूड भागातील त्यांचे ‘जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय’ १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. वाफेचे इंजिन, अतिवेगवान आधुनिक गाडी, उड्डाणपूल, सिग्नल, रस्त्यावरचे दिवे, सर्कस, पोहण्याचा तलाव असे सारे त्यात आहे. खोलीतील उजेड मावळतो, गावाची रात्र होते, खिडक्यांतून दिवे लागतात आणि गाड्या चालूच राहतात. त्यात विदेशी धर्तीची इंजिने पुष्कळ आहेत, अस्सल देशी मीटरगेज नाही, अशी कुरकुर एखादा कडवा अभ्यासक करील. ती फारशी मनावर घेण्याचे कारण नाही. शाळेच्या सहलीतून आलेले मूल तेथून बाहेर पडते तेव्हा सांधे आणि सिग्नल यांचा परस्परसंबंध त्याला कळलेला असतो, आणि तो कळला की खरी रेल्वेही कळते.

आता जुन्या छोट्या इंजिनाकडे वळू. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे इंजिन हाती आले की संग्राहकापुढे एकच प्रश्न असतो: ते काचेत ठेवावे की चालवावे? प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर हौशी माणसांत मैत्री तुटेपर्यंत वाद होतात. काचेत ठेवावे असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही. प्रत्येक फेरीला चाकाची कड झिजते. नव्या रंगाने चकाकविलेले जुने इंजिन बाजारातही कमी मोलाचे ठरते आणि इतिहासाच्या दृष्टीने तर ते खोटेच. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील पुष्कळ इंजिनांना एक असाध्य रोगही असतो. त्यांचे सुटे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असत. त्या जस्तात शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर धातू आतल्या आत कुजतो, फुगतो, त्याला केसासारख्या चिरा पडतात आणि एके दिवशी चाक बिस्किटासारखे हातात तुटते. त्यावर इलाज नाही. अशा इंजिनाचा साचा घेऊन नवे चाक ओतणे एवढेच हाती राहते.

उलट बाजू अशी की न चालविलेले इंजिनही मरते. तेल वाळून डिंकासारखे घट्ट होते, स्प्रिंग गंजते, मोटारीतील तांब्याच्या पट्ट्यांवर काळा थर चढतो. जुन्या विजेच्या इंजिनातील लोहचुंबकाची तर वेगळीच तऱ्हा. साफसफाईच्या उत्साहात मोटारीचा फिरणारा भाग बाहेर ओढला आणि चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोखंडाची पट्टी ठेवली नाही, तर चुंबकाचे बळ तेथल्या तेथे उतरते आणि काल धावणारे इंजिन आज रांगू लागते. हे पुस्तकात वाचून कळते, पण लक्षात राहते ते स्वतःच्या हाताने केल्यावर किंवा जाणत्याजवळ बसून पाहिल्यावर. काचेतल्या इंजिनाबरोबर ही हातची विद्या जपली जात नाही. आमचे मत विचाराल तर महिन्यातून एकदा, दोन डब्यांपेक्षा अधिक ओझे न लावता, दहा मिनिटे तरी इंजिन चालले पाहिजे; मूळ रंगाला मात्र कोणी हात लावू नये.

खऱ्या वाफेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांची गोष्ट आणखी निराळी. त्याचा बॉयलर म्हणजे आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंबच, आडवा निजविलेला आणि तोंड बंद केलेला. त्यात क्षार नसलेले पाणी घालावयाचे, साधारणतः चौरस इंचाला चाळीस पौंडांच्या आसपास दाब चढू द्यावयाचा आणि त्यापुढील वाफ सुरक्षा-झडपेने बाहेर टाकावयाची. सिलिंडरला तेल पोहोचविण्याची युक्ती फार सुंदर आहे. तेलाच्या छोट्या भांड्यात वाफेचा अंश शिरतो आणि थंड होऊन त्याचे पाणी होते. ते पाणी जड म्हणून तळाशी बसते आणि जेवढे पाणी बसले तेवढे तेल वर उचलले जाऊन वाफेच्या नळीत मिसळते. कोठेही पंप नाही, चाक नाही. फेरी संपल्यावर तळाची तोटी उघडून पाणी काढून टाकले की भांडे पुन्हा तयार.

परंतु येथे निसर्ग आपला हिशेब मांडतो. इंजिनाची लांबी साडेबावीस पटींनी कमी केली तर त्याच्या अंगाचे क्षेत्रफळ सुमारे पाचशे पटींनी कमी होते, आणि आकारमान अकरा हजारांहून अधिक पटींनी. म्हणजे पोटातील पाण्याच्या मानाने अंगाची कातडी फार मोठी होते. उष्णता भराभर निघून जाते आणि इंजिन लवकर गार पडते. वजन तर जवळजवळ नाहीसेच होते. खरे इंजिन वाफ बंद केल्यावरही आपल्या भाराने बराच काळ घरंगळत राहते आणि ड्रायव्हर त्या घरंगळण्याचा अंदाज घेऊनच स्थानकात गाडी आणतो. छोटे इंजिन वाफ किंवा वीज बंद होताच जागच्या जागी थिजते. म्हणून जाणता माणूस ते हाताने हळूहळू थोपवतो. न्याहाळणाऱ्याला वाटावे की पन्नास टनांचे धूड फलाटाला लागत आहे. चालविण्याची सगळी कला तेवढ्यात आहे.

साडेबावीस हा आकडा वर सहज आलेला नाही. १९६८ साली न्यूर्नबर्गच्या लेमान कंपनीने बागेत मांडता येईल अशी मोठ्या मापाची रेल्वे काढली. तिचे रूळ ४५ मिलिमीटरचे, म्हणजे मेर्क्लिनच्या जुन्या पहिल्या मापाचेच, आणि तिचे प्रमाण साडेबावीसास एक. ४५ ला साडेबावीसने गुणले की एक मीटरच्या अगदी जवळचा आकडा येतो. म्हणजे ही रेल्वे मुळातच मीटरगेजची प्रतिकृती आहे! आल्प्समधील मीटरगेज डोळ्यांपुढे ठेवून केलेले हे माप लोणंदच्या जुन्या वाटेलाही तंतोतंत लागू पडते. देशभरच्या मीटरगेजवर १९४९ पासून आलेली ‘वायपी’ आणि ‘वायजी’ जातीची इंजिने टेंडरसह अठरा-एकोणीस मीटर लांबीची. ह्या प्रमाणात ती ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटरची होतील. पाळण्यातल्या बाळापेक्षा लांब! चाळीतल्या खोलीत ती वळवावयाची कोठे? तेव्हा बहुतेकांना सत्याऐंशीस एक ह्या प्रमाणाकडे जावे लागते. तेथे मीटरगेज साडेअकरा मिलिमीटरचे होते, आणि बाजारात बारा मिलिमीटरचे रूळ मिळतात. चूक केवळ अर्ध्या मिलिमीटरची. आपले ब्रॉडगेज त्याच प्रमाणात सव्वाएकोणीस मिलिमीटर हवे. पण जगभर त्या प्रमाणाचे रूळ युरोपीय रुंदीचे, म्हणजे साडेसोळा मिलिमीटरचे, बनतात. त्यामुळे भारतीय ब्रॉडगेजचे इंजिन त्यांवर उभे केले की लहान भावाची चप्पल घातल्यासारखे दिसते. लोणंदला खरी धावते ती ब्रॉडगेजची गाडी छोट्या रुळांवर खोटी दिसते, आणि १९७१ साली नाहीशी झालेली मीटरगेजची गाडी तेथे खरी ठरते.

मिरजेच्या दुसऱ्या एका रेल्वेची कथा येथे सांगणे अगत्याचे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७-१९२७) ह्या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीची बार्शी लाइट रेल्वे उभी केली. तिचा कुर्डुवाडीजवळील बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. तिच्यावरील प्रत्येक वाहनाच्या आसावर पाच टनांचाच भार यावा, मग ते इंजिन असो की वाघीण, असा त्याचा आग्रह होता. म्हणून लीड्सच्या किट्सन कंपनीने आठ चालक चाके आणि मागे चार चाके अशी इंजिने त्याला बनवून दिली. ही रेल्वे १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये, कॅलथ्रॉपच्या मृत्यूच्या वर्षी, मिरजेला पोहोचली. अडीच फुटी रूळ उखडून ब्रॉडगेज घालण्याचे काम एकविसाव्या शतकात पुरे झाले. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याच्या गाड्या गेल्या, त्या ह्याच जुन्या वाटेच्या नव्या रुळांवरून.

ह्याच कॅलथ्रॉपने बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच अडीच फुटी रेल्वे आखली. तीही किट्सनच्याच इंजिनांची. पुढे भला मोठा दिवा, वर रुंद छप्पर. इंग्लंडच्या हिरव्या दरीत ती बार्शीकडची पाहुणीच वाटत. ही रेल्वे १९०४ मध्ये उघडली आणि १९३४ मध्ये बंद झाली. जेमतेम आठ मैल लांबी आणि तीस वर्षांचे आयुष्य. तिची दोन्ही इंजिने भंगारात गेली. तरीसुद्धा आज इंग्लंडमधील कितीतरी घरांत ती धावत आहेत. हौशी मंडळींनी जुनी छायाचित्रे आणि कारखान्याचे नकाशे मिळवून त्यांच्या प्रतिकृती बांधल्या, त्यांचे सुटे भाग विकावयास काढले, पिवळसर डब्यांच्या नेमक्या छटेवर वाद घातले. बार्शी लाइट रेल्वे शंभर वर्षांहून अधिक चालली, वारकऱ्यांना तिने पंढरपुरास नेले, मराठवाड्याचा माल वाहिला; तिच्या वाट्याला त्या प्रमाणात किती टेबले आली? इंग्रज अधिक हळवा आहे असे ह्याचे कारण नव्हे. त्याच्याकडे मोजमापे होती. प्रतिकृती बांधणाऱ्याला केवळ प्रेम पुरत नाही; खिडकीची उंची, पायरीची रुंदी, छपराचा बाक मिलिमीटरमध्ये लागतो.

आणि ही मोजमापे आपल्याकडे कचेरीपेक्षा घरांत मिळण्याचा संभव अधिक. मिरज, हुबळी, पुणे येथील रेल्वे वसाहतींत गोव्याकडची आणि अँग्लो-इंडियन कॅथलिक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. ह्या घरांतील कोणाचे आजोबा ड्रायव्हर होते, कोणाचे गार्ड, कोणाचे फिटर. फिटरची वही, लग्नातल्या छायाचित्रात मागे दिसणारा डबा, गार्डचा तिरंगी काचांचा कंदील, कामकाजाचे वेळापत्रक, ह्यांतील काहीही प्रतिकृतीकाराला उपयोगी पडते. माणूस शेजारी उभा असलेले छायाचित्र तर सर्वांत मोलाचे; माणसाच्या उंचीवरून चाकाचा व्यास काढता येतो. अशा वस्तू माळ्यावर असतात आणि घर बदलताना रद्दीत जातात.

प्रतिकृतीकाराला आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते, ती म्हणजे साल. एक किलोमीटर अंतर सत्याऐंशीस एक ह्या प्रमाणात साडेअकरा मीटर होते. खोलीत तेवढी भिंत नसते, म्हणून स्थानकाचा काही भाग गाळावाच लागतो. काय गाळावे हे सालावर ठरते. १९७१ पूर्वीचे लोणंद करावयाचे तर बारा मिलिमीटरचा एकेरी रूळ, वाफेचे इंजिन आणि त्याला पाणी पाजण्याची सोय हवी. त्यानंतरचे करावयाचे तर ब्रॉडगेज आले, आणि साडेसोळा मिलिमीटरची ती तडजोड डोळे मिटून पत्करावी लागते. २०१९ साली लोणंदहून फलटणला रेल्वे सुरू झाली आणि लोणंद जंक्शन झाले. त्यापुढचे साल धरले तर एक सांधा अधिक लागेल, आणि फलटणकडे वळणाऱ्या फाट्यासाठी टेबलाची रुंदी वाढवावी लागेल.